खळ्याच्या तळाचं पोतं

बोलोदश्त, १४ सप्टेंबर १९९८

झुलैखो,

सलाम लिहायचा रिवाज आहे म्हणून सलाम. माझ्या आधीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, ह्यालाही देणार नाहीस. नको देऊ. ट्रकवाला शोदी उद्या समाराला निघतोय, आणि सख्ख्या बहिणीसाठी त्याच्या हाती काहीच न देणं मला शोभत नाही, एवढंच.

बस निघताना मी जे बोलले ते बोलले. नवरा लढाईत गेला तर धाकट्या दिराशी निकाह लावून घरची चूल सांभाळावी, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. तुला बाजारात टोमॅटो विकायला रशियाच हवा होता. पण पोरीला माझ्याकडे ठेवलंस, तेव्हा तिची काळजी तू करायचं कारण नाही. मोहतोब मजेत आहे. तू म्हणाली होतीस, अपाच्या घरी माझी पोर वाळून जाईल. ये आणि बघ! पोट चांगलं सुटलंय तिचं. चेहरा मात्र तुझ्यावर गेलाय, तो काही भरायचं नाव घेत नाही.

यंदा डोंगरावरच्या गव्हाची कापणी आम्ही बायकांनीच केली. पुरुष उरलेत किती? कापसाची खुरपणी संपेपर्यंत सरकारी फार्मवाल्यांनी आम्हाला सोडलं नाही, त्यामुळे गहू महिनाभर जास्त उभा राहिला आणि तण कमरेला लागलं. पोरी म्हणायला लागल्या, निवडून निवडून कापू. मी म्हटलं, "नखरे पुरे. विळा घाला, सगळं आणा, खळ्यावर बघून घेऊ." आठ दिवसांचं काम चार दिवसांत उरकलं. एक दाणा वाया गेला नाही. खळ्याचा तळसुद्धा झाडून आम्ही घरटी वाटून घेतला. आईच्या वेळेपासून तळाचं धान्य बरकतीचं मानतात, तुला आठवत असेल. मोहतोबला मी त्याच धान्याचा नान देते. तिच्यासाठी वेगळी कणीक मळते आणि नानवर फुलाचा ठसा मारते. आहे का तुझ्या समारात असा कोणी करणारा?

तुझी अपा, सनोबर


बोलोदश्त, ११ ऑक्टोबर

झुलैखो,

शोदीने लाल कोट आणून दिला. सोबत चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही. मोठी मानी झालीस. कोट सुंदर आहे, पण तू माप कुठून काढलंस? पोटावर बटणं लागत नाहीत. मी ती काढून दोन बोटं पुढे शिवली, तरी ओढ बसते. खांद्यात आणि बाह्यांत मात्र ढगळ होतो. अशी कशी वाढते पोर, कळत नाही.

लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते. तिचं पोट दुखतं. जंत असणार, म्हणून भोपळ्याच्या बिया वाटून दिल्या. कधी ओकते. डोळ्यांत जरा पिवळट झाक आहे. शेजारच्या रुखसोराच्या धाकट्या नातवाचं, सुहरोबचं, अगदी हेच चाललंय, म्हणजे साथ असणार किंवा कालव्याचं पाणी. मुल्लाकडून दोघांसाठी धागा मंतरून आणलाय. काळजीचं काही नाही.

फक्त लाड फार वाढलेत. परवा म्हणते, "मावशी, नान कडू लागतो." कडू! माझ्या तंदुरात सात घरांचे नान पडतात, वीस वर्षांत कोणी असा शब्द काढला नाही. जेवताना दस्तरखानावर अर्धा नान टाकून उठायला निघाली होती. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हटलं, "नान टाकणारी पोर आपल्या घराण्यात जन्मली नाही. तुझी आई तिकडे त्यांचा काळा पाव चावत असेल." संपेपर्यंत बसवून ठेवली. रडत रडत, पण संपवला तिने. उद्या मोठी झाली की मला दुवा देईल.

सनोबर


जिल्ह्याचं इस्पितळ, २ नोव्हेंबर

झुलैखो,

हे पत्र वाचताना बसून वाच.

मोहतोबला मी इथे आणलंय. आज पाचवा दिवस. तिच्या पोटात पाणी झालंय. मी "पोट सुटलंय" म्हणून तुला मिरवून लिहिलं ना, ते पाणी होतं. सुहरोब शेजारच्या खाटेवर आहे. आपल्या गावची अजून तीन पोरं आणि एक बाई आहे. काल डॉक्टरांनी सुई घालून मोहतोबच्या पोटातून पाणी काढलं, पत्र्याचा डबा भरला. पोर ओरडली नाही. माझा अंगठा धरून ठेवला होता तिने, तो अजून दुखतोय.

डॉक्टरचं नाव लोईक. तरुण आहे, दाढी करायलाही त्याला वेळ मिळत नाही. तो म्हणतो यकृत खराब झालंय, आणि साथीची कावीळ नाही, काहीतरी खाण्यातलं आहे. मला एवढा राग आला! मी म्हटलं, "आम्ही काय उकिरडा खातो का? नान, चहा, शुर्बा. तुमची आई तुम्हाला काय घालायची?"

तो हसला नाही. म्हणाला, "नानच घालायची, अपा. तुमच्या घरात अजून कोणाला त्रास आहे?"

"नाही. माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत."

"सगळे एकच खातात?"

"एकाच दस्तरखानावर बसतो आम्ही," मी म्हटलं.

हे उत्तर खोटं नव्हतं. आज एवढंच लिहिते.

सनोबर


बोलोदश्त, ९ नोव्हेंबर

झुलैखो,

मोहतोबजवळ तुझ्या दाजींना बसवून मी दोन दिवसांसाठी कपडे न्यायला घरी आले, तर दारात तोशमत बोबो बसलेला. तो आठवतो ना? चाळीस वर्षं फार्मचे घोडे सांभाळले त्याने. तोंडाचा फाटका आणि कानाने अर्धा.

"पोरीचं पोट कसं आहे?"

"खुदाच्या हातात आहे, बोबो."

"त्याला कशाला मध्ये ओढतेस? धान्य दाखव."

मी माजघरातलं पोतं उघडलं. त्याने मूठभर गहू घेतला, फुंकला, परत टाकला. "हा नव्हे. तळाचा दाखव."

तळाचं पोतं मी जिन्याखाली ठेवलं होतं. त्याने ते उजेडात ओढायला लावलं. तळव्यावर दाणे पसरून तो बोटाने एकेक ढकलत गेला. गव्हाच्या मधे बारीक करडे खडे होते. मी रोज बघत होते ते. मला माती वाटायची, आणि एवढी माती कोणाच्या धान्यात नसते?

"माती नव्हे ही, सनोबर. बी आहे. डोंगरावर ते राखी पानांचं तण येतं ना, ज्याचा पांढरा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळतो, त्याचं. मेंढी त्याला तोंड लावत नाही. एका दुष्काळात माझ्या घोड्यांच्या वाळल्या चाऱ्यातून गेलं. आठ जनावरं गेली. पोटं ही एवढी, आणि पाय काड्या. एकाला चिरून बघितलं तर काळीज दगडासारखं. तुझ्या पोरीला त्या दिवशी कालव्यावर पाहिलं आणि मला माझी घोडी आठवली."

मी म्हटलं, "सगळा गहू एकाच रानातला आहे, बोबो."

"वरचा गहू वारा साफ करतो. हे बारीक बी झिरपून तळाशी बसतं. खळं झाडून नेलं कोणी? तुम्हीच ना? वेळेवर कापलं असतं तर हे पिकलंच नसतं."

तो गेल्यावर मी पियालाभर धान्य परातीत ओतलं आणि निवडायला बसले. एका पियाल्यातून अर्धी मूठ बी निघालं. मग माजघरातला पियालाभर गहू निवडला. त्यात आठ-दहा दाणे निघाले, बस.

आता जे दोन महिने लिहिलं नाही ते लिहिते. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

माझ्या घरात वरच्या गव्हाची तीन पोती होती आणि तळाचं एक. हिवाळा लांब आहे, मुलं वाढत्या वयाची आहेत. मी मनाशी ठरवलं की वरचा गहू माझ्या मुलांना आणि तळाचा तिला. तिच्यासाठी वेगळी कणीक मळत होते ती ह्यासाठी. नानवर फुलाचा ठसा मारत होते तो लाडाने नव्हे. तंदुरातून काढताना तिचे नान माझ्या मुलांच्या नानांत मिसळू नयेत म्हणून मारत होते. ती फुलाचा नान घेऊन अंगणात मिरवायची, "मावशीने माझ्यासाठी केला." मी ऐकून घ्यायचे. बरकत वगैरे मी तुला लिहायला शोधून काढलं. आईने असं म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

तिला मारायचं नव्हतं मला, झुलैखो. तळाचं धान्य कमी प्रतीचं आहे एवढंच मला माहीत होतं. पण कमी प्रतीचं आहे हे माहीत होतं, आणि ते तुझ्या पोरीला दिलं. आणि कडू लागतं म्हणाली तेव्हा खांदा दाबून संपवायला लावलं.

सनोबर


बोलोदश्त, २० नोव्हेंबर

झुलैखो,

तुला वाटत असेल, मी कुठे तोंड लपवून बसले असेन. तोंड लपवायला वेळ नाही. मोहतोबजवळ इस्पितळात तुझे दाजी आणि मी आळीपाळीने बसतो. तळाचं धान्य गल्लीतल्या प्रत्येक घरी आहे. ज्या घरी कमावते हात कमी, त्यांच्या वाट्याला वरचा गहू कमी आणि तळाचंच जास्त. रुखसोराकडे तर दुसरं काही नाहीच. सुहरोब इस्पितळात, आणि घरी ती मोठ्या नातीला तोच नान चहात बुडवून भरवत होती.

आधी मी घरोघर जाऊन सांगितलं. कोणी ऐकेना. इमोम-अलीची बायको म्हणाली, "सनोबर, जीभ आवर. नानला विष म्हणतेस?" दुसरीने सांगितलं की तिच्या सासूने तळाचंच खाऊन नव्वदी गाठली. रुखसोराने तर दारच लावून घेतलं. मी परातीतलं बी दाखवलं, तर म्हणे एवढंसं बी आणि एवढं मोठं पोट, काहीतरीच!

मग शुक्रवारी मी तंदूर पेटवलाच नाही. बायका कणकेच्या पराती डोक्यावर घेऊन आल्या, बघतात तर राख गार. मी अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, तळाच्या पिठाचा एकही नान ह्या तंदुरात पडणार नाही. जो कलकलाट झाला तो तू कल्पनेनेच ऐक. शेवटी रुखसोरा पुढे आली.

"नानने होतं म्हणतेस ना? मग तुझ्या मुलांना का झालं नाही? ती काय वारा खातात? एकाच दस्तरखानावर बसतात ना तुझी तिन्ही पोरं?"

डॉक्टरने विचारलं होतं तेच. डॉक्टरला मी शब्दांत गुंडाळलं होतं. इथे गुंडाळलं असतं तर ह्या बायका पराती उचलून दुसऱ्या तंदुरावर गेल्या असत्या.

म्हणून सांगितलं. दोन पराती, दोन पिठं, फुलाचा ठसा, सगळं. माझी दोन्ही मुलं ओट्यावर उभी राहून ऐकत होती. दिलोवर चौदा वर्षांचा आहे, त्याला कळलं. तो आत निघून गेला.

मग इमोम-अलीची बायको माझ्या पायाशी थुंकली. रुखसोरा म्हणाली, "पोरक्या लेकराला!"

"पोरकी नाही ती. आई आहे तिला," मी म्हटलं.

"मग तर तुला जास्तच लाज वाटायला हवी."

"वाटते. पण आता तुम्हाला पटलं ना?"

पटलं होतं. गंमत बघ, माझं बोलणं आठवडाभर कोणी मानत नव्हतं, माझं पाप मात्र सगळ्यांनी तिथल्या तिथे मानलं.

थोड्या वेळाने रुखसोराच म्हणाली, "ठीक आहे. मग आम्ही खायचं काय? तुझी लाज?"

मी माजघरातली पोती बाहेर ओढली. तिसरं निम्मं झालं होतं. सात घरांत सारखी वाटली, आणि रुखसोराला थोडं जास्त दिलं. घरोघर वाटलेला दाणा न् दाणा बारीक चाळणीतून पुन्हा चाळला. तुझ्या दाजींना मी विचारलंही नव्हतं. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी स्वतः चाळणी घेऊन बसले.

तळाच्या पिठाचं करायचं काय, हा दुसरा घोळ. नान फेकता येत नाही, पायदळी येता कामा नये, पाखरांना घालावा तर पाखरं मरतील. मी म्हटलं, पुरू या. इमोम-अलीची बायको म्हणाली, "नान पुरायचा? तो काय माणूस आहे?" तोशमत बोबोला नेमकं एवढंच ऐकू आलं. म्हणाला, "माणसं पुरण्यापेक्षा बरं. कुदळ कुठे आहे?" मुल्लाने तुतीच्या झाडामागची जागा दाखवली, जिथून कोणी चालत नाही. बायका पिठाच्या थैल्या दोन्ही हातांवर घेऊन आल्या, मूल आणावं तशा. काही जणी रडत होत्या. मी खड्ड्यात उतरून एकेक थैली खाली ठेवली.

वरच्या गल्ल्यांत अजून तळाचं धान्य आहे. फार्मचा अध्यक्ष म्हणतो, बोभाटा करू नका, गावाचं नाव खराब होईल. डॉक्टर लोईकने कागद लिहून दिलाय, पण अध्यक्ष तो टेबलाच्या खणात ठेवतो. काल मी त्याच्या कचेरीत निवडलेल्या बियांची बशी नेऊन ठेवली आणि म्हटलं, "एक चमचा खा, मग मी गप्प बसते." त्याने बशी बाजूला सारली. उद्या परत जाणार आहे. रुखसोरा येतेय बरोबर. माझ्याशी ती बोलत नाही, पण येतेय.

सनोबर


जिल्ह्याचं इस्पितळ, ९ जानेवारी १९९९

झुलैखो,

सुहरोब गेला. तीन डिसेंबरला, सकाळी. रुखसोराने त्याला मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही, शेवटी मी तिच्यामागे बसून तिला धरलं तेव्हा सोडलं. मी तिला हात लावलेला तिने चालवून घेतला, एवढंच मी सांगू शकते.

अध्यक्षाने चौथ्या खेपेला कागद खणातून काढला. पिठाचे दोन ट्रक आले, वरच्या गल्ल्यांतलंही धान्य गोळा झालं. मी आणि तोशमत बोबो दारोदार फिरलो. काही घरांनी मला पाणीही विचारलं नाही, पण धान्य दिलं. डिसेंबरच्या मध्यानंतर आपल्या गावातून नवीन कोणी इस्पितळात आलेलं नाही.

मोहतोबच्या पोटात आता पाणी साठत नाही. लोईक म्हणतो, वय लहान आहे, यकृत कदाचित सावरेल, वर्षभर लक्ष ठेवायला हवं. मी म्हटलं, "कदाचित म्हणजे किती?" तो म्हणाला, "अपा, मला माहीत असतं तर सांगितलं असतं." हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून त्याचा शब्द जसाच्या तसा लिहिलाय. व्हरांड्यात चालते ती. परिचारिकेला तुझा फोटो दाखवते.

आता खरं काय ते सांगते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

मागच्या आठवड्यात तिला नान द्यायला परवानगी मिळाली. मी गावाहून करून आणला, गरम राहावा म्हणून कापडात गुंडाळून पोटाशी धरून आणला. तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही.

म्हणाली, "मावशी, हा कुठल्या पोत्यातला?"

झुलैखो, तिला माहीत होतं. जिन्याखालचं पोतं कोणाचं आणि माजघरातली कोणाची, हे त्या पोरीला पहिल्यापासून माहीत होतं. फूल मिरवत होती तेव्हाही माहीत होतं. ती फक्त विचारत नव्हती, कारण तिला माझ्याच घरी राहायचं होतं.

मी म्हटलं, "दिलोवर खातो त्यातला."

तिने नानचा तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. "आधी तू खा."

मी खाल्ला. माझ्या घशाकडे बघत राहिली ती, गिळला की नाही ते. मग तिने खाल्ला. तेव्हापासून रोज असंच चाललंय. नान असो, भात असो, दुधाचा कप असो, आधी माझ्या तोंडात, मग तिच्या. मी तिला एकदाही "आता पुरे" म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. ती म्हातारी होईपर्यंत विचारत राहिली तरी मी खाऊन दाखवीन.

माफी मागायला हे लिहीत नाही. ती तू देशील असं वाटत नाही, आणि तू दिलीस तर माझाच तुझ्यावर विश्वास बसणार नाही. बसपाशी मी म्हटलं होतं, परत तोंड दाखवू नकोस. ते मी मागे घेते. धाकट्या दिराचंही मागे घेते. कोणाशी निकाह लाव, नको लावूस, टोमॅटो विक, नको विकूस, मी त्यात पडणार नाही. हवं तर मला अंगणात उभी करून सगळ्या गल्लीसमोर मार, मी हलणार नाही.

फक्त ये. तुझ्या हातचं ती न विचारता खाईल.

सनोबर